जिवाणू स्वतःच्याच पोटात विष का बाळगतात?

ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला जुना रहिवासी. तिथं त्याला ३७ अंशांची ऊब असते आणि आपण खाल्लेल्या शेव-उसळीतलं उरलंसुरलं आयतं मिळतं. प्रयोगशाळेतल्या सकस द्रवात ठेवला तर दर वीस मिनिटांनी एकाचे दोन होतात. हाच जिवाणू शौचावाटे बाहेर पडून गटारात, तिथून नाल्यात आणि शेवटी आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीत पोचला, की त्याचं सगळं जग बदलतं. पाणी थंड, अन्न विरळ, वरून ऊन. विश्वामित्रीतल्या मगरीला निदान काठ बदलता येतो. हजारांश मिलिमीटरच्या जिवाला पळून जाण्यासारखी जागा नसते. त्याच्या हातात मोठा निर्णय एकच उरतो: वाढत राहायचं की थांबायचं.

हा निर्णय तो कसा अंमलात आणतो, याचं एक उत्तर ऐकायला विचित्र आहे. तो स्वतः बनवलेलं विष स्वतःवरच चालवतो. बडोद्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना मी हा विषय काढला की कुणीतरी हटकून विचारतं, “मॅडम, जे जनुक आपल्याच मालकाला मारतं ते उत्क्रांतीत टिकलंच कसं?” प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर शोधताना शास्त्रज्ञांमध्ये जे मतभेद झाले, जे शोधनिबंध मागे घ्यावे लागले, तेही उत्तराइतकेच महत्त्वाचे आहेत असं मला वाटतं. म्हणून ते सगळं इथे सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जिवाणूंचं विष म्हटलं की आपल्याला कॉलऱ्याचं किंवा धनुर्वाताचं विष आठवतं. ती विषं बाहेर पडून आपल्या पेशींना इजा करतात. मी सांगते आहे ती विषं जिवाणूच्या पेशीबाहेर पडतच नाहीत. ती आतच राहतात आणि आतल्याच यंत्रणेवर काम करतात.

वाढ थांबवणं हे नुसतं हात बांधून बसणं नव्हे. जोरात वाढणाऱ्या ई. कोलायच्या एका पेशीत हजारो रायबोसोम एकाच वेळी प्रथिनं जोडत असतात आणि पेशीच्या शक्तीचा सर्वांत मोठा वाटा त्यातच जातो. दुसरीकडे डीएनएची प्रत अर्धी झालेली असते. पेशीभिंत वाढवण्यासाठी ती जागोजागी कापून नवा माल बसवणं चालू असतं. अशा वेळी अचानक अन्न संपलं आणि हे सगळं तसंच सुरू राहिलं, तर अर्धवट प्रथिनं, तुटका डीएनए आणि उघडी भिंत घेऊन पेशी मरते. काम वेळेत आणि सगळीकडे थांबलं पाहिजे. त्यासाठी पेशीला एकाहून अधिक लगाम लागतात, आणि ही विषं त्यांतला एक लगाम आहेत.

विष आणि उतारा

रचना अशी असते. डीएनएवर दोन जनुकं शेजारीशेजारी बसलेली असतात. एक विष बनवतं, दुसरं त्या विषाचा उतारा. शांत काळात दोन्ही तयार होतात, उतारा विषाला घट्ट मिठी मारतो आणि विष निष्प्रभ राहतं. पण दोघांचं आयुष्य सारखं नसतं. विष चिवट असतं, ते पेशीत तासन् तास टिकतं. उतारा नाजूक असतो. लॉन आणि क्लप नावाची प्रथिनं कापणारी एन्झाइमं त्याला सतत फस्त करत असतात, त्यामुळे तो सतत नव्यानं बनवावा लागतो.

मांडवीतल्या एखाद्या जुन्या दुकानाचं लोखंडी शटर डोळ्यांसमोर आणा, पण त्याला वर अडकवून ठेवायची कडीच नाही असं समजा. ते वर राहावं म्हणून कुणीतरी सतत हात लावून उभं राहायला हवं, आणि तो दमला की दुसऱ्यानं जागा घ्यायला हवी. माणसं येणं बंद झालं की शटर आपल्याच वजनानं खाली येतं. ते ओढायला वेगळा माणूस लागत नाही.

या रचनेतलं शहाणपण इथंच आहे. संकट आलं की पेशीला “आता विष बनवा” असा हुकूम सोडायची गरज नाही. कदाचित हुकूम सोडण्याइतकी शक्तीही तिच्यात उरलेली नसेल. प्रथिनं बनणं मंदावलं, की उतारा आपोआप कमी पडतो आणि आधीपासून तयार असलेलं विष मोकळं होतं. संकटाची खबर देणारा आणि उपाय करणारा असे दोन वेगळे विभागच नाहीत.

आणखी एक बारकावा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे. विष आणि उतारा यांची जोडगोळी बहुतेक वेळा आपल्याच जनुकांवर बसून त्यांचं वाचन दाबून ठेवते. उतारा कमी झाला की हा दाब सुटतो आणि दोन्ही जनुकं जोरात वाचली जाऊ लागतात. म्हणजे तुटवड्याबरोबर भरपाईची सोयही चालू होते.

या जोड्यांचा पहिला स्पष्ट शोध १९८३ मध्ये जपानमध्ये लागला. तेरु ओगुरा आणि सोता हिरागा हे एफ नावाच्या प्लाझमिडचा अभ्यास करत होते. प्लाझमिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य डीएनएपासून वेगळं, छोटं गोल डीएनए. पेशी दुभंगताना एखाद्या कन्यापेशीच्या वाट्याला प्लाझमिड आलं नाही, तर ती पेशी पुढे नीट वाढत नसे. कारण हेच: आईकडून आलेलं विष तिच्यात टिकून, उतारा संपत आलेला, आणि नवा बनवायला जनुकच नाही. काही वर्षांनी डेन्मार्कच्या केन गर्डेस यांनी दुसऱ्या एका प्लाझमिडवर अशीच, पण वेगळ्या बनावटीची जोडी शोधली. तिच्यात उतारा प्रथिनाचा नसून आरएनएचा असतो. तेव्हा सगळ्यांचा समज असा झाला की ही प्लाझमिडची स्वार्थी युक्ती आहे. मला सोडलंस तर मरशील, इतकाच तिचा अर्थ.

मग जिवाणूंचे संपूर्ण जनुकसंच वाचून होऊ लागले आणि या जोड्या मुख्य डीएनएवरही सापडू लागल्या. २००५ मध्ये १२६ जनुकसंच तपासून ६७१ जोड्या मोजल्या गेल्या. त्या मोजणीतली एक बाब मला आजही थरारक वाटते. मोकळ्या जगात फिरणाऱ्या, हवामान आणि भुकेचे फटके खाणाऱ्या जिवाणूंमध्ये या जोड्या पुष्कळ. जे जिवाणू कायम दुसऱ्याच्या पेशीत, स्थिर वातावरणात राहतात त्यांच्यात जवळपास नाहीत. क्षयाचा जिवाणू आणि कुष्ठरोगाचा जिवाणू जवळचे नातेवाईक, पण क्षयाच्या जिवाणूत अशा जोड्यांची रेलचेल आणि कुष्ठाच्या जिवाणूत एकही चालू जोडी नाही. जिथं संकट बदलत राहतं तिथं ही सामग्री लागते, असा तर्क या आकड्यांतून सहज निघतो.

विष लागतं कुठं

नावं वेगवेगळी असली तरी बहुतेक विषांचं लक्ष्य एकच खातं असतं: प्रथिनं बनवणं. त्यावरच पेशीची सर्वांत जास्त शक्ती खर्च होते, म्हणून लगामही तिथंच.

ई. कोलायमधलं माझ-एफ हे सर्वांत चांगलं अभ्यासलेलं विष. डीएनएवरचा मजकूर रायबोसोमपर्यंत नेणारा संदेशवाहक आरएनए हे त्याचं खाद्य. आरएनएची अक्षरं चार: ए, यू, जी, सी. माझ-एफ त्यात ए-सी-ए अशी तीन अक्षरं शोधतं आणि तिथंच कात्री चालवतं. एवढा छोटा शब्द जवळजवळ प्रत्येक लांब संदेशात कुठंतरी येतोच, त्यामुळे बहुतेक संदेश तुटतात. रेल-ई नावाचं विष जास्त चोखंदळ आहे. ते मोकळ्या आरएनएला सहसा हात लावत नाही. रायबोसोममध्ये शिरून वाचला जात असलेला संदेश ते वाचनाच्या जागीच कापतं.

व्हॅप-सी या घराण्यातली काही विषं संदेश सोडून यंत्रावरच जातात. क्षयाच्या जिवाणूतलं व्हॅप-सी-२० रायबोसोमच्या गाभ्यातल्या २३-एस आरएनएचा एक नाजूक वळसा कापतं. एरंडाच्या बीतलं जहाल विष रिसिन आपल्या पेशींतल्या रायबोसोमला नेमकं याच वळशावर निकामी करतं. एरंडाचं झाड आणि क्षयाचा जिवाणू यांचा काही संबंध नाही, तरी दोघांनी रायबोसोमची तीच दुखरी जागा हेरली.

सीसीडी-बी हे ओगुरा-हिरागांच्या प्लाझमिडवरचं विष मात्र प्रथिनांच्या वाटेला जात नाही. डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या गायरेज या एन्झाइमला ते पकडून ठेवतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, पोट बिघडलं की आपल्याकडे लोक मनानंच आणून खातात ते औषध, याच एन्झाइमवर काम करतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवन वरदराजन यांच्या गटानं सीसीडी-बीचं जवळपास प्रत्येक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एकेक दुवा, बदलून पाहिलं आहे, प्रथिनाची घडी कशी पडते हे समजून घेण्यासाठी. जनुकं जोडण्याचं काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांतही हे विष रोज वापरात असतं: ज्या पेशीत हवं ते जनुक नीट बसलं नाही तिथं विषाचं जनुक तसंच राहतं आणि ती पेशी वाढत नाही, त्यामुळे निवड आपोआप होते.

मारायचं की थांबवायचं

आता विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे येते. हे विष आपल्या मालकाला खरंच मारतं का?

यावर दोन तट पडले. जेरुसलेमच्या हाना एंगलबर्ग-कुल्का यांच्या गटानं १९९६ मध्ये माझ-एफबद्दल मांडलं की उपासमारीत काही पेशी ठरवून मरतात आणि त्यांच्या मरण्यानं उरलेल्यांचा निभाव लागतो. गर्डेस यांच्या गटानं दाखवलं की माझ-एफ किंवा रेल-ई चालू करून पेशींची वाढ थांबवली आणि काही तासांनी उतारा बनवायला लावला, तर पेशी पुन्हा वाढू लागतात. मेलेलं परत येत नाही, म्हणजे त्या मेल्या नव्हत्या. पहिल्या गटाचं त्यावर म्हणणं असं की काही काळापर्यंतच परत येता येतं, नंतर वाट बंद होते.

माझ्या मते या वादाचा सर्वांत बोलका पुरावा वादाच्या बाहेरून आला. अमेरिकेत रटगर्सजवळ मासायोरी इनोउये यांच्या प्रयोगशाळेनं माझ-एफ ए-सी-ए या शब्दाजवळ कापतं हे २००३ मध्ये शोधलं होतं. २००५ मध्ये त्यांनी एक युक्ती केली. एका जनुकातले सगळे ए-सी-ए काढून टाकले; एकाच अमिनो आम्लासाठी अनेक सांकेतिक शब्द असल्यामुळे प्रथिन न बदलता असं करता येतं. मग ई. कोलायमध्ये माझ-एफ चालू केलं. इतर सगळे संदेश तुटले, पेशींची वाढ पूर्ण थांबली, आणि तरी ते एक प्रथिन ९६ तासांपर्यंत बनत राहिलं. म्हणजे चार दिवस रायबोसोम शाबूत होते, शक्ती शिल्लक होती, अमिनो आम्लं होती. वाढ नव्हती, पण पेशी जिवंत आणि सज्ज होती. विष या नावानं आपण ज्याची धास्ती घेतो ते इथं पेशीला जपून ठेवत होतं.

मात्रेचा प्रश्न यात आहेच. प्रयोगशाळेत विषाचं जनुक मुद्दाम जोरात चालवलं की निसर्गात कधी साठणार नाही इतकं विष साठतं, आणि मग पेशी मरते. थोडं विष मोकळं झालं तर वाढ मंदावते, जास्त झालं तर थांबते, बेसुमार झालं तर जीव जातो. मंदावणं आणि मरणं यांत भिंत नाही, उतार आहे.

पेनिसिलिननंतर उरलेले

इथून विषय थेट आपल्या औषधांच्या कपाटात शिरतो. बडोद्याला औषधांचा इतिहास आहे. १९०७ मध्ये टी. के. गज्जर, बी. डी. अमीन आणि आपले कोटिभास्कर यांनी इथं अलेंबिकची सुरुवात केली, आणि १९६०च्या दशकात तिथं पेनिसिलिनही बनू लागलं. ज्या पिढीनं ते पाहिलं तिला पेनिसिलिन म्हणजे काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. त्याआधी साध्या जखमेतून माणसं जात होती.

पण पेनिसिलिन वापरात आलं त्याच सुमारास त्याची एक मर्यादाही दिसली होती. डब्लिनचे डॉक्टर जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये लिहिलं की स्टॅफिलोकॉकस जिवाणूंवर कितीही पेनिसिलिन ओतलं तरी लाखांतला एखादा उरतोच. त्या उरलेल्यांना पुन्हा वाढवलं, तर त्यांची पिल्लावळ पेनिसिलिननं पूर्वीसारखीच मरते. त्यांच्यात कुठलाही बदल झालेला नाही. बिगर यांनी अशा पेशींना चिकट उरलेल्या, पर्सिस्टर, असं म्हटलं आणि अंदाज बांधला की औषध आलं तेव्हा त्या दुभंगत नसाव्यात.

अंदाज बरोबर होता. पेनिसिलिन बांधकाम चालू असलेल्या भिंतीवर काम करतं. ज्या पेशीचं बांधकाम बंद आहे तिला ते काय करणार?

औषधाला दाद न देणारे जिवाणू आणि असे पर्सिस्टर यांत लोक फार गल्लत करतात, अगदी वर्तमानपत्रंही. पहिल्या प्रकारात जनुक बदललेलं असतं. असा जिवाणू औषधाच्या उपस्थितीत वाढतो आणि हा गुण मुलांना देतो. पर्सिस्टर औषधाच्या उपस्थितीत वाढत नाही, फक्त टिकतो. औषध संपल्यावर तो जागा होतो. दुसऱ्या खेपेला त्याच औषधानं तो मरेल. रुग्णाच्या दृष्टीनं मात्र दोन्हीचा अनुभव एकच: आजार परत आला.

१९८३ मध्ये, म्हणजे जपानमध्ये पहिली जोडी सापडली त्याच वर्षी, हॅरिस मोयेड आणि केविन बर्ट्रांड यांना ई. कोलायचा एक प्रकार सापडला, ज्यात पर्सिस्टरचं प्रमाण शेकडो पटींनी जास्त होतं. त्याच्यात बिघडलेलं जनुक होतं हिप-ए, आणि पुढे कळलं की हिप-ए हे विष आहे, शेजारचं हिप-बी त्याचा उतारा. बिघाडामुळे उतारा विषाला नीट धरून ठेवू शकत नव्हता. २००४ मध्ये नाथाली बलाबान आणि सहकाऱ्यांनी या जिवाणूंना बारीक खाचांत एकेकटं ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं चित्रण केलं. औषध देण्याच्या आधीपासूनच काही पेशी सावकाश वाढत होत्या किंवा थांबलेल्या होत्या, आणि औषधानंतर नेमक्या त्याच उरल्या. संकट येण्यापूर्वीच काहींनी शटर पाडलेलं होतं.

हिप-एचं काम पाहण्यासारखं आहे. ग्लुटामेट हे अमिनो आम्ल वाहून नेणाऱ्या आरएनएवर ते चढवणारं एक एन्झाइम असतं. हिप-ए त्या एन्झाइमला फॉस्फेटचा एक गट चिकटवून बंद पाडतं. मग रिकामा वाहक आरएनए रायबोसोममध्ये येतो. रायबोसोमला चिकटलेलं रेल-ए हे एन्झाइम त्यावरून अमिनो आम्लं संपली असं समजतं आणि पीपीजीपीपी नावाचा छोटा रेणू बनवू लागतं. हा रेणू १९६९ पासून माहीत आहे. उपासमारीत तो सगळ्या पेशीभर पसरतो आणि नवे रायबोसोम बनवणं थांबवतो. अन्न असताना उपास पडल्याचा बनाव हिप-ए उभा करतं. हे सगळं केवळ प्रयोगशाळेतलं नाही: हिप-एचा तोच बिघाड मूत्रमार्गाचा संसर्ग झालेल्या रुग्णांकडून घेतलेल्या जिवाणूंतही सापडला आणि २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

मागे घेतलेले निबंध

यानंतर एक आकर्षक सिद्धांत आला. २०११ मध्ये गर्डेस यांच्या गटानं ई. कोलायमधल्या दहा जोड्या एकामागून एक काढून टाकल्या आणि प्रत्येक पायरीला पर्सिस्टर घटत गेल्याचं दाखवलं. २०१३ मध्ये त्यांनी पीपीजीपीपीपासून लॉनपर्यंत आणि लॉनपासून मोकळ्या विषांपर्यंत पूर्ण साखळी मांडली. सगळं एका धाग्यात ओवलं गेलं होतं. पाठ्यपुस्तकांत, व्याख्यानांत हीच आकृती येऊ लागली.

मग त्याच गटानं २०१७ मध्ये जाहीर केलं की जोड्या काढत असताना त्यांच्या जिवाणूंत फाय-८० नावाचा विषाणू गुपचूप शिरला होता. हा विषाणू पेशीच्या डीएनएत दडून बसतो आणि औषधानं डीएनए दुखावला की जागा होऊन पेशी फोडतो. पेशी कमी उरत होत्या त्या विषं काढल्यामुळे नव्हे, तर आतल्या विषाणूमुळे. विषाणूविना तोच प्रयोग केला तेव्हा दहा जोड्या नसलेले जिवाणूही नेहमीइतकेच पर्सिस्टर बनवत होते. बेल्जियममधल्या दुसऱ्या गटालाही हेच दिसलं. २०१८ मध्ये दोन्ही निबंध मागे घेण्यात आले.

मी हे विद्यार्थ्यांना दर वर्षी सविस्तर सांगते, आणि सांगताना गर्डेस यांच्याबद्दल माझा आदर वाढतो. ज्या कामामुळे नाव झालं त्यातला दोष स्वतःच्याच प्रयोगशाळेतून जगासमोर ठेवायला फार मोठं मन लागतं.

मग या जोड्या करतात तरी काय? २०२० मध्ये मायकेल लॉब यांच्या एमआयटीतल्या गटानं ई. कोलायला नाना तऱ्हेच्या ताणांत टाकून पाहिलं. विषांची जनुकं कितीतरी पटींनी जास्त वाचली जात होती, पण संदेश तुटल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. मघाशी सांगितलेला बारकावा इथं लागतो: ताणात उतारा घटला, दाब सुटला, भरपाई झाली, पण जे विष उताऱ्याच्या मिठीत होतं ते तसंच बद्ध राहिलं. जनुक वाचलं गेलं म्हणजे विष मोकळं झालं असं धरून चालणारे कितीतरी आधीचे निष्कर्ष यामुळे पुन्हा तपासावे लागले.

विष निर्विवादपणे मोकळं होतं असं एक संकट मात्र पक्कं ठरलं आहे: जिवाणूंना खाणारा विषाणू, फेज. टॉक्स-एन या विषाचा उतारा आरएनएचा, अगदी अल्पायुषी. टी-४ फेज पेशीत शिरला की पेशीचं स्वतःचं जनुकवाचन बंद पाडतो, सगळी यंत्रणा आपल्याकडे वळवण्यासाठी. पण त्यामुळे उताऱ्याचा पुरवठाही तुटतो, विष सुटतं आणि फेजचेच संदेश कापतं. फेजची नवी पिढी तयार होत नाही. ती एक पेशी बहुधा वाचत नाही, पण शेजारच्या तिच्या बहिणी वाचतात. ठरवून मरणाऱ्या पेशींची जी कल्पना उपासमारीच्या संदर्भात वादात अडकली होती, ती इथं, वेगळ्या शत्रूपुढे, चपखल बसते.

आणि पर्सिस्टरशी विषांचा संबंध पूर्ण तुटला असंही नाही. हिप-एचा पुरावा उभाच आहे. टिस-बी नावाचं अवघ्या २९ अमिनो आम्लांचं विष सिप्रोफ्लॉक्सासिननं डीएनए तुटल्यावर तयार होतं, पेशीच्या आवरणात शिरून तिची विद्युतशक्ती उतरवतं, आणि ते जनुक काढलं की त्या औषधातून वाचणाऱ्या पेशी कमी होतात. सोफी हेलेन यांच्या लंडनमधल्या गटानं २०१४ मध्ये दाखवलं की साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू शरीरातल्या पांढऱ्या पेशींनी गिळल्यावर मिनिटांत थांबलेल्या पेशी तयार करतो. टॅक-टी हे त्याचं एक विष अमिनो आम्ल चढलेल्या वाहक आरएनएलाच खोडा घालून ठेवतं. एक सर्वव्यापी सूत्र गेलं, त्या जागी प्रत्येक जिवाणूचा आणि प्रत्येक ताणाचा स्वतंत्र हिशोब आला. मला ही स्थिती जास्त खरी वाटते.

क्षयाच्या गोळ्या सहा महिने का

आमच्या रावपुऱ्यातल्या ओळखीच्या एका काकूंना क्षय झाला होता. महिनाभरात खोकला गेला, भूक लागू लागली, तेव्हा त्या मला म्हणाल्या, “आता मी बरी आहे ना गं, मग हे तोंड कडू करणं कशाला?” मी म्हटलं, “काकू, तुम्हाला बरं वाटतंय कारण धावणारे जंतू मेलेत. बसलेले अजून आहेत.” त्यांनी पूर्ण सहा महिने गोळ्या घेतल्या.

क्षयाचा जिवाणू मुळातच संथ आहे. त्याला एकाचे दोन व्हायला जवळपास एक दिवस लागतो. फुप्फुसातल्या गाठींत प्राणवायू कमी, अन्न कमी, आजूबाजूला आम्ल. तिथं तो आणखी मंदावतो. आयसोनियाझिड हे औषध नवी भिंत बांधणाऱ्यांना झपाट्यानं मारतं, म्हणून पहिल्या काही दिवसांतच जंतूंची संख्या कोसळते. त्यानंतर उरतात ते सुस्त जंतू. त्यांच्यासाठी जनुकवाचन रोखणारं रिफॅम्पिसिन आणि आम्लात प्रभावी ठरणारं पायराझिनामाइड लागतं. पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, या आखणीमागे हे कारण आहे.

या जिवाणूत विष-उताऱ्याच्या ऐंशीच्या आसपास जोड्या आहेत आणि त्यांतल्या सुमारे पन्नास एकट्या व्हॅप घराण्यातल्या. एक जोडी काढली तर बहुधा काहीच फरक दिसत नाही, कारण तिचं काम शेजारची करते. फरीदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये रमणदीप सिंग यांच्या गटानं म्हणून माझ-एफ प्रकारची तीन विषं एकत्र काढून पाहिली. २०१५ मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा: एकेक काढलं तर विशेष काही नाही; तिन्ही काढल्यावर जिवाणू उपासमार आणि औषधं यांपुढे लवकर नमतो, आणि गिनीपिगांच्या फुप्फुसांत तो नीट मूळ धरू शकत नाही. ई. कोलायमध्ये दहा जोड्यांचा जो दावा टिकला नाही, त्याच्याशी हा निकाल सरसकट जोडता येत नाही. जिवाणू वेगळा आहे आणि त्याचं आयुष्यही वेगळं आहे.

विष आणि उतारा यांची मिठी सोडवणारा रेणू बनवला तर जिवाणू स्वतःच्याच विषानं मरेल, ही कल्पना बरीच वर्षं मांडली जाते आहे. मला तिच्यात मोठा धोका दिसतो. विष पुरेसं मोकळं झालं नाही, तर आपण जिवाणूला मारण्याऐवजी झोपवू, आणि बाकीची औषधं त्याला लागणार नाहीत. थांबलेल्या पेशीलाही जे टाळता येत नाही त्यावर घाव घालणं मला अधिक पटतं. वाढ बंद असली तरी जिवंत राहण्यापुरती एटीपी ही शक्ती तिला रोज बनवावीच लागते. अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळालेलं बेडाक्विलिन नेमकं क्षयाच्या जिवाणूचं एटीपी बनवणारं एन्झाइम अडवतं, आणि न वाढणारे जंतूही त्यानं मरतात. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी पूर्वी वीस महिन्यांपर्यंत उपचार चालत. बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०२४ मध्ये मंजूर केला.